हात ठेवण्याचा अधिकार

दिवाडी बेटाच्या कडेला उभं राहिलं की नदीपलीकडे नार्वे दिसतं. आज फेरीबोटीने तिथे पोचायला काही मिनिटं पुरतात. सोळाव्या आणि सतराव्या शतकात मात्र ही नदी म्हणजे दोन राज्यांमधली सरहद्द होती. अलीकडे पोर्तुगीजांची तिसवाडी, पलीकडे विजापूरच्या आदिलशहाची डिचोली. अलीकडे ज्याला थारा उरला नाही त्याने होडीत बसून पलीकडे जायचं, ही इथली वहिवाट. दिवाडीवरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ १५६०च्या आसपास पाडलं गेलं तेव्हा देवाचं लिंग असंच नदीपार गेलं, नार्व्यात त्याची पुन्हा स्थापना झाली आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. ही गोष्ट महाराष्ट्रात पुष्कळांना ठाऊक असते. त्याच बेटावरच्या नावेली गावचा आणखी एक माणूस असाच नदीपलीकडे, डिचोलीला जाऊन बसला, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. घराणं ब्राह्मण, आडनाव महाले. पण त्याचा जन्म १५९४च्या सुमाराचा, म्हणजे घर ख्रिस्ती झाल्यानंतरचा. आणि डिचोलीत त्याने बिऱ्हाड थाटलं तेव्हा तो रोममध्ये अभिषेक झालेला कॅथलिक बिशप होता. मातेउस द कास्त्रो महाले हे त्याचं नाव. लॅटिन विधीचा हा पहिला भारतीय बिशप. ज्या राजवटीने त्याच्या घराला बाप्तिस्मा दिला तिच्याच राज्यात त्याला बिशप म्हणून पाऊल टाकता येत नव्हतं, म्हणून तो एका मुसलमान सुलतानाच्या आश्रयाला राहिला होता.

त्याच्याबद्दल जे लिहिलं गेलं आहे ते बहुतेक दोन सुरांत आहे. पोर्तुगीज कागदपत्रांतून तो कारस्थानी, गर्विष्ठ, फितूर म्हणून समोर येतो. विसाव्या शतकातल्या काहींना तो गोव्याच्या स्वातंत्र्याचा आद्य बंडखोर वाटला. दोन्ही चित्रांत त्याच्या स्वभावालाच सगळं महत्त्व आहे आणि त्याच्या पदाला जवळपास काहीच नाही. माझं म्हणणं असं की हे प्रकरण उलगडतं ते पदापासून. मातेउस कसा होता यापेक्षा तो काय करू शकत होता, हे गोव्याला जास्त खुपत होतं. कॅथलिक व्यवस्थेत साधा धर्मगुरू आणि बिशप यांच्यातला फरक हुद्द्याचा किंवा मानपानाचा नाही. धर्मगुरू बाप्तिस्मा देतो, मिस्सा म्हणतो, पापनिवेदन ऐकतो, मृत्यूच्या वेळी तेल लावतो. पण तो दुसरा धर्मगुरू घडवू शकत नाही. ते काम बिशपचंच. गुरुदीक्षेच्या विधीत उमेदवार गुडघे टेकून बसतो, बिशप एक शब्दही न उच्चारता आपले दोन्ही हात त्याच्या मस्तकावर ठेवतो. मग त्याच्या तळहातांना पवित्र तेल लावतो; त्या काळी ते पांढऱ्या कापडाने बांधलेही जात. त्या तेलावरची प्रार्थनाही वर्षातून एकदा, पवित्र गुरुवारी, बिशपनेच म्हणायची असते. धर्मगुरूची परंपरा त्याच्यापाशीच संपते. बिशपपाशी ती सुरू होते. देशी धर्मगुरू शंभर झाले तरी युरोपीय बिशपने हात आखडता घेतला की एका पिढीत आटतील. देशी बिशप एकच असला तरी तो शंभर करू शकतो, आणि त्यासाठी त्याला कोणाच्या जहाजाची वाट पाहावी लागत नाही.

ही गोष्ट ध्यानात घेतली की गोव्याच्या वागण्यातली एक विसंगती सुटते. पोर्तुगीजांना देशी धर्मगुरू मुळातच नको होते, असं सरसकट म्हणता येत नाही. देशी मुलांना शिकवून धर्मकार्याला लावण्यासाठी गोव्यात १५४१ मध्येच संस्था निघाली होती. पुढे ती जेझुइट या संन्यस्त संघाकडे गेली आणि सेंट पॉल महाविद्यालय म्हणून नावारूपाला आली. १६०६ मध्ये गोव्यात भरलेल्या पाचव्या प्रांतीय धर्मसभेने तर देशी लोकांपैकी दीक्षा कोणाला द्यायची याचा नियमच केला: ब्राह्मण आणि उच्च मानल्या गेलेल्या इतर जातींतल्यांनाच. नियम केला याचा अर्थच हा की दीक्षा दिली जात होती. पण हे देशी धर्मगुरू बहुधा दुसऱ्याच्या हाताखालीच राबायचे. साष्टीचे धर्मग्राम जेझुइटांच्या ताब्यात, बारदेशचे फ्रान्सिस्कनांच्या. देशी गुरूने साहाय्यक व्हायचं, कोकणीत प्रवचन करायचं, पावसाचिखलातून आजाऱ्याकडे जायचं. संन्यस्त संघांचे दरवाजे तर त्याला बंदच. जेझुइटांनी पेरू लुईश नावाच्या मलबारी ब्राह्मणाला १५६१ मध्ये संघात घेतलं, पुढे दीक्षाही दिली, आणि नंतर त्या काळात दुसरा भारतीय घेतला नाही. राशोलहून १६१६ मध्ये मराठीत ‘क्रिस्तपुराण’ छापून घेणारे जेझुइट फादर स्टीफन्स याच साष्टीत चाळीस वर्षं राहिले. लोकांच्या भाषेवर इतकं प्रेम करणाऱ्या संघालाही त्या लोकांतला माणूस आपल्या पंगतीला नको होता. भाषा चालत होती, गळा चालत होता, खांदा चालत होता. चालत नव्हता तो दुसऱ्याच्या मस्तकावर ठेवायचा हात.

मातेउस शिकला बारदेशात, मांडवीच्या मुखाशी असलेल्या रेइश मागुशच्या फ्रान्सिस्कन विद्यालयात. त्याला धर्मगुरू व्हायचं होतं. गोव्याचे तेव्हाचे आर्चबिशप क्रिश्तोव्हांव द सा ई लिस्बोआ यांनी त्याला दीक्षा नाकारली. इथे बहुतेकजण हिरमुसून घरी परतले असते किंवा पुढच्या आर्चबिशपची वाट पाहत बसले असते. मातेउस रोमला निघाला. तेही खुष्कीच्या मार्गाने, इराणमधून, पश्चिम आशिया ओलांडत; कारण लिस्बनच्या जहाजावर चढायचं तर ज्यांनी नकार दिला त्यांच्याच सत्तेकडे परवानगी मागावी लागणार. १६२१च्या सुमारास निघालेला हा तरुण १६२५ मध्ये रोमला पोचला. आपल्याकडे परदेशी गेलेल्या पहिल्या विद्यार्थ्यांच्या कहाण्या एकोणिसाव्या शतकापासून सुरू करायची सवय आहे, म्हणून हे साल जरा थांबून वाचावं. शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा पाच वर्षं अवकाश होता.

तो पोचला ती वेळ मात्र अचूक साधली गेली. पंधराव्या शतकापासून पोपनी पोर्तुगालच्या राजाला एक हक्क दिलेला होता, त्याला पाद्रोआदो म्हणतात. राजाने आशिया-आफ्रिकेत चर्च बांधावीत, मिशनरी पाठवावेत, त्यांचा खर्च उचलावा. बदल्यात तिथला बिशप कोण हे राजाने सुचवावं. १५३४ मध्ये गोव्याचा धर्मप्रांत झाला तो याच व्यवस्थेखाली. हा हक्क दिला तेव्हा रोमला तो स्वस्तातला सौदा वाटला असणार. शंभर वर्षांनी लक्षात आलं की पोर्तुगालकडे ना तेवढी माणसं आहेत ना तेवढा पैसा, आणि तरीही दुसऱ्या कोणाला ते आत येऊ देत नाहीत. १६२२ मध्ये पोप पंधराव्या ग्रेगरीने ‘प्रोपागांदा फिदे’ नावाचं मंडळ स्थापन केलं: जगभरचं धर्मप्रसाराचं काम राजांच्या हातून काढून रोमच्या हाती आणायचं, हा त्यामागचा हेतू. मंडळाचे पहिले सचिव फ्रान्चेस्को इन्गोली हे कायद्याचे पंडित. गॅलिलिओचा इतिहास वाचणाऱ्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. १६१६ मध्ये पृथ्वी स्थिर आहे असं गॅलिलिओला युक्तिवादाने पटवायला निघालेले इन्गोली ते हेच. आकाशाच्या बाबतीत त्यांचं चुकलं, पण चर्चच्या नकाशाचं त्यांना नेमकं कळत होतं. जिथले लोक तिथलेच धर्मगुरू तयार झाल्याशिवाय राजांच्या विळख्यातून मिशन सुटणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. अशा माणसाच्या कचेरीत गोव्याचा एक नाकारलेला, लॅटिन शिकलेला ब्राह्मण चालत आला. इन्गोलींच्या युक्तिवादाला हवा असलेला पुरावा समोरच उभा राहिला होता.

रोममध्ये त्याने अभ्यास पुरा केला, १६३०च्या सुमारास त्याला दीक्षा मिळाली आणि १६३३ मध्ये तो रोमची पत्रं घेऊन गोव्याला परतला. इथे गोव्याने काय केलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. मातेउसला मारलं नाही, त्याच्यावर पाखंडाचा आरोप ठेवला नाही. त्याचे कागद अमान्य केले. राजाच्या मार्फत न आलेलं रोमचं पत्र इथे चालत नाही, मग ते खरं असो की खोटं. साध्या धर्मगुरूला रोखायला एवढं पुरेसं असतं. चर्च दुसऱ्याचं, वेदी दुसऱ्याची, धर्मग्राम दुसऱ्याचा; परवानगी नसली की तो काही करू शकत नाही. मातेउस पुन्हा रोमला गेला. रोमने या अनुभवातून जो धडा घेतला तो माझ्या मते या सगळ्या कहाणीचं केंद्र आहे. त्याला आणखी जोरदार पत्र देऊन पाठवण्यात अर्थ नव्हता. त्याला असं काही द्यायला हवं होतं की जे कागद फाडून काढून घेता येणार नाही. १६३७ मध्ये, फारसा गाजावाजा न करता, त्याला बिशपपदाचा अभिषेक झाला. गोव्याची गादी राजाच्या मुठीत, म्हणून त्याला ख्रिसोपोलिस नावाच्या, केव्हाच हातून गेलेल्या एका प्राचीन गादीचा नामधारी बिशप केलं गेलं. काम मात्र दिलं ‘इदालकाव’च्या मुलखाचं, म्हणजे आदिलखानाच्या, विजापूरच्या राज्याचं. तिथला धर्माधिकारी तो पोपचा प्रतिनिधी म्हणून. लॅटिनमध्ये व्हिकर अपोस्तोलिक. पोर्तुगीज राजाच्या हक्काला हात न लावता त्याच्या कुंपणाला लागूनच दुसरी जागा उभी करायची ही युक्ती होती. पुढे आशियात अन्यत्रही रोमने हेच हत्यार वापरलं.

गोव्याने या वेळीही त्याला मानलं नाही, आणि तो नदीपलीकडे डिचोलीला गेला. आदिलशाही मुलखात बांदा आणि वेंगुर्ल्यालाही त्याने चर्च उभारली. पण त्याच्या नावावर जमा असलेली खरी करणी वेगळी आहे: त्याने गोव्याच्या काही ब्राह्मण तरुणांना दीक्षा दिली. नदी ओलांडून यायचं, मस्तकावर हात ठेवून घ्यायचा आणि धर्मगुरू होऊन परत जायचं. तक्रारींचा भडिमार रोमकडे सुरू झाला तो यावरून. केवळ वर्णद्वेष हेच कारण असतं, तर तो १६३३ मध्ये जेवढा काळा होता तेवढाच १६४० मध्येही होता. पहिल्या खेपेला त्याला दाराबाहेर ठेवण्यावर भागलं, दुसऱ्या खेपेला गोव्याची झोप उडाली. मधल्या काळात त्याची कातडी बदलली नव्हती. हात बदलले होते.

यावर पहिला आक्षेप कायद्याचा, आणि तो हलका नाही. ट्रेंटच्या धर्मसभेने १५५१ मध्येच नामधारी बिशपांविरुद्ध कडक नियम केला होता. ज्यांना स्वतःची प्रजा नाही असे बिशप दुसऱ्याच्या प्रांतातल्या, खुद्द त्यांच्या बिशपने अयोग्य ठरवलेल्या उमेदवारांना दीक्षा देत फिरतात, ही युरोपातली जुनी तक्रार होती आणि ती मोडून काढायलाच हा नियम झाला. १५६३ मध्ये सभेने पुन्हा बजावलं की उमेदवाराला दीक्षा द्यायची ती त्याच्या स्वतःच्या बिशपने. तिसवाडीतला मुलगा हा गोव्याच्या आर्चबिशपचा. त्याला डिचोलीत दीक्षा देणं हे सरळसरळ नियमाबाहेर, असं गोव्याचं म्हणणं. कलमांपुरतं ते बरोबर होतं. पण त्या कलमांमागे एक गृहीत आहे: स्वतःचा बिशप उमेदवाराची पात्रता तपासून निर्णय देतो. जिथे मातेउसचा अर्ज पात्रता तपासली जाण्याआधी रक्तावरच अडकला होता, तिथे ते गृहीतच कोसळलेलं. शिवाय मौज अशी की कॅथलिक सिद्धान्तानुसार नियम मोडून दिलेली दीक्षा बेकायदा ठरते, पण निरर्थक ठरत नाही. चौथ्या-पाचव्या शतकातल्या उत्तर आफ्रिकेतल्या वादापासून चर्चची ही भूमिका आहे. हात ठेवले गेले की ठेवले गेले. धर्मगुरूला काम करण्यापासून रोखता येतं, त्याला पुन्हा संसारी करता येत नाही. म्हणून गोव्याला हा माणूस थांबवायचा तर दीक्षा देण्याआधी थांबवावा लागणार होता. हातातला वेळ निघून जातोय ही घालमेल त्या तक्रारींच्या मुळाशी आहे.

आणि मग इतिहासाने असा काही पेच टाकला की मातेउसचा हात एकदम दहापट महाग झाला. १६४०च्या डिसेंबरात पोर्तुगालने स्पेनचं जोखड झुगारून स्वतःचा राजा गादीवर बसवला. स्पेनच्या दबावामुळे पोपनी या नव्या राजाला जवळजवळ तीस वर्षं मान्यता दिली नाही. मान्यता नाही म्हणजे त्याने सुचवलेला बिशप मान्य नाही. आणि राजाने सुचवल्याशिवाय दुसरा नेमायचा तर पोर्तुगाल तो स्वीकारणार नाही. बिशप मरत गेले, गाद्या रिकाम्या होत गेल्या. गोव्याचे आर्चबिशप फ्रान्सिस्कु दुश मार्तिरिश १६५२ मध्ये वारले आणि त्यांच्या जागी पुढचा आर्चबिशप गोव्यात पोचायला १६७५ उजाडलं. तेवीस वर्षं. या काळात धर्मप्रांताचा कारभार धर्मपंडितांचं मंडळ चालवू शकतं, कर वसूल करू शकतं, खटले निकाली काढू शकतं. पण दीक्षा देऊ शकत नाही. पूर्वेतला सगळ्यात मोठा कॅथलिक धर्मप्रांत बिशपविना उघडा पडला होता, आणि एक बिशप, पोपने अभिषेक केलेला, कोकणी बोलणारा, नदीच्या पलीकडे काही कोसांवर बसला होता. जो माणूस १६४० मध्ये उपद्रव होता तो १६५२ नंतर पर्याय झाला. त्याच्याविरुद्धचा आवाज पन्नासच्या दशकात सगळ्यात कर्कश का झाला, याचं उत्तर मला इथे सापडतं. इथियोपियातून हाकलले गेलेले आणि गोव्यात येऊन राहिलेले जेझुइट पात्रिआर्क आफोन्सु मेंदिश यांनी तर त्याच्या रंगावरून त्याला हिणवणारी भाषा वापरली. पदाला उत्तर नसलं की माणूस रंगावर घसरतो.

दुसरा आक्षेप फितुरीचा. १६५३ मध्ये मातेउसने ‘ब्राह्मणांचा आरसा’ या अर्थाच्या शीर्षकाचं एक पोर्तुगीज पत्रक लिहिलं. त्यात गोव्याच्या ब्राह्मणांना त्यांच्या कुळाची आठवण करून देत पोर्तुगीजांविरुद्ध आणि विशेषतः जेझुइटांविरुद्ध उठण्याची चिथावणी होती. त्याच वर्षी गोव्यातल्या पोर्तुगीजांनीच आपल्या व्हॉइसरॉयला पदच्युत केलं. त्यांचा म्होरक्या ब्राश द कास्त्रो. आडनाव तेच, पण नातं काही नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज आडनावं अशी वाटली जात. १६५४ मध्ये आदिलशाही फौज बारदेश आणि साष्टीत घुसली, आणि वेंगुर्ल्याला डचांची वखार होतीच, जिथून ते गोव्याच्या बंदराची नाकेबंदी करत. पोर्तुगीजांनी या सगळ्याच्या मागे मातेउस असल्याचा ठपका ठेवला. पत्रक पाहता तो निर्दोष होता असं म्हणायला मी धजणार नाही. आपल्या यजमान सुलतानाने गोव्यावर चाल करावी यात त्याचा फायदा उघड होता, आणि तो फायदा न कळण्याइतका भोळा तो नव्हता. पण आदिलशहाला बारदेश आणि साष्टी हवी असायला कोणा बिशपच्या सल्ल्याची गरज नव्हती. हे मुलूख त्याच्याच राज्यातून गेलेले, आणि गोव्यात व्हॉइसरॉयच पदच्युत झालेला असताना शेजाऱ्याने हात मारला नसता तर नवल. कालक्रमही पाहावा. दीक्षा नाकारली गेली तीस वर्षांपूर्वी, रोमची पत्रं नाकारली वीस वर्षांपूर्वी, बिशपपद नाकारलं बारा-चौदा वर्षांपूर्वी. चिथावणीचं पत्रक आलं त्यानंतर. फितुरीमुळे त्याला बाहेर ठेवलं, असं म्हणणारे काळाची दोरी उलटी ओढतात.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो, कारण तो पोर्तुगीजांकडून येत नाही. मातेउस हा भारतीयांचा कैवारी नव्हता. तो ब्राह्मणांचा कैवारी होता. त्याच्या पत्रकाच्या नावातच ते आहे. दीक्षा दिली ती ब्राह्मणांना. पोर्तुगीज आपल्याला कमी लेखतात हे त्याचं दुःख खरं, पण ‘आम्हाला इतर देशी लोकांच्या पंक्तीत बसवतात’ हाही त्या दुःखाचा मोठा भाग. धर्मांतराने जात गेली नव्हती. तिला लॅटिन शब्द मिळाले होते, इतकंच. यात तो एकटा नव्हता. १७०२ मध्ये लिस्बनला आंतोनियु जुआंव द फ्रियाश या गोवेकर ब्राह्मण धर्मगुरूने आपल्या जातीच्या मोठेपणावर पुस्तक छापलं, आणि चार्दो जातीच्या धर्मगुरूंनी आपल्या क्षत्रियत्वाची बाजू मांडत त्याला प्रत्युत्तरं दिली. हा सगळा वाद येशूच्या सेवकांमध्ये चालला होता. तेव्हा मातेउसला समतेचा पुरस्कर्ता ठरवणं म्हणजे त्याच्यावर आपल्या काळाचे कपडे चढवणं आहे. तरीही हा आक्षेप माझं मूळ म्हणणं मोडत नाही, उलट घट्ट करतो. १६०६चा नियम आठवा: जातीची उतरंड चर्चने स्वतःच मान्य केली होती, आणि त्या उतरंडीत मातेउस सगळ्यात वरच्या पायरीवर होता. युरोपीय चर्चने देशी समाजाला घातलेली प्रत्येक अट तो पुरी करत होता. कूळ, लॅटिन, शिक्षण, पोपचा शिक्का. सगळ्यात वरच्या पायरीवरचा माणूसही जर उंबऱ्याबाहेर, तर अडचण पायरीत नव्हती. उंबऱ्याच्या आत जे होतं ते वाटून घ्यायची तयारी नव्हती.

मग रोमचं काय? मातेउस हे रोमच्या हातातलं प्यादं होतं, पोर्तुगालला डिवचायला वापरलं आणि टाकून दिलं, असंही म्हटलं जातं. वापरलं हे खरंच. पण टाकून दिलं का? १६५८च्या सुमारास त्याला रोमला बोलावून घेतलं गेलं आणि मरेपर्यंत, म्हणजे १६७७ पर्यंत, तो तिथेच राहिला. भारताविषयीच्या कामात प्रोपागांदा त्याचा सल्ला घेत असे. घरी परतायला मात्र त्याला पुन्हा मिळालं नाही. जवळजवळ वीस वर्षं एखाद्या बिशपला त्याच्या प्रांतापासून दूर, मानाने ठेवून घ्यायचं, यात सन्मान किती आणि नजरकैद किती हे ज्याने त्याने ठरवावं. दरम्यान १६५९ मध्ये याच प्रोपागांदाने आग्नेय आशियाकडे निघालेल्या आपल्या प्रतिनिधींना सूचना दिल्या: लोकांच्या चालीरीती बदलू नका, फ्रान्स, स्पेन, इटली तिकडे नेऊन लावू नका, स्थानिकांना दीक्षा द्या. या सूचनांवर डिचोलीच्या अनुभवाची सावली आहे असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही, पण तोवर प्रोपागांदाकडे देशी बिशपचा दुसरा अनुभव कुठे होता? आणि विजापूरची जागा रोमने रिकामी ठेवली नाही. १६६९ मध्ये तिथे मातेउसच्याच नात्यातला कुश्तोदियु द पिन्यु बिशप म्हणून आला, आणि पुढच्या दशकात दुसरा नातलग तोमाश द कास्त्रो कानडा-मलबारसाठी. माणूस काढून घेतला, पण जागा राखली. तिघेही एकाच गोतातले ब्राह्मण, हे पाहून घराणेशाहीची शंका येईल आणि ती रास्तही आहे. त्या काळच्या रोममध्ये पोपचे पुतणे कार्डिनल होत, तेव्हा ही रीत मातेउस गोव्याहून घेऊन गेला असं मात्र समजू नये.

या जागेचं पुढे जे झालं त्याचा एक धागा थेट मुंबईत येतो. विजापूरचा हा व्हिकारिएट वाढत, नाव बदलत मोगल मुलखापर्यंत पसरला, आणि १७२० मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना बेटावरून काढून याच व्यवस्थेतल्या कार्मेलाइट बिशपला बोलावलं. मुंबईचा आजचा आर्चडायोसिस आपली वंशावळ १६३७ पर्यंत नेतो तो याच वाटेने. पण तोवर ती जागा देशी राहिलेली नव्हती. तोमाश १६८४ मध्ये आणि पिन्यु १६९७ मध्ये वारल्यावर रोमनेही त्यांच्या जागी युरोपीयच पाठवले. देशी धर्मगुरूंची संख्या मात्र वाढत राहिली. साष्टीत जन्मलेले जुझे वाझ १६८१ मध्ये गोव्याच्या वतीने कानड्यात गेले तेव्हा तिथे रोमच्या वतीने तोमाश द कास्त्रो होता. दोघेही गोवेकर ब्राह्मण, आणि अधिकार कोणाचा यावरून तिथे दोन तट पडलेले. पुढे वाझ श्रीलंकेत गेले, डचांच्या नजरेआड राहून त्यांनी मोडकळीला आलेला कॅथलिक समाज उभा केला, आणि २०१५ मध्ये कोलंबोत त्यांना संतपद मिळालं. इतकं सगळं करूनही ते अखेरपर्यंत साधे धर्मगुरूच राहिले.

बिशपपदापर्यंत पोचणारे भारतीय यापुढेही विरळाच. केरळच्या सीरियन परंपरेतले जोसेफ करियाट्टी यांना १७८३ मध्ये लिस्बनला क्रांगानोरचे आर्चबिशप म्हणून अभिषेक झाला. १७८६ मध्ये घरी परतताना ते गोव्यापर्यंत पोचले आणि तिथेच वारले. लॅटिन विधीच्या धर्मप्रांतावर पुन्हा भारतीय बिशप आला तो थेट १९२३ मध्ये, तुतीकोरिनला, तिबुर्शियस रोश. मुंबईला वॅलेरियन ग्रेशस १९५० मध्ये आर्चबिशप झाले, तीनच वर्षांत भारताचे पहिले कार्डिनलही. गोव्याची पाळी त्याहीनंतर. शेवटचे पोर्तुगीज आर्चबिशप जुझे व्हियेरा आल्व्हेर्नाझ १९६२ मध्ये गोवा सोडून गेले, पण त्यांचा राजीनामा मंजूर व्हायला १९७५ साल लागलं. तेवढी वर्षं गादी नावापुरती त्यांचीच होती. १९७८ मध्ये राउल गोन्साल्विस त्या गादीवर आले. से कॅथेड्रलमध्ये गोव्याचा आर्चबिशप म्हणून एका गोवेकराने उमेदवारांच्या मस्तकावर हात ठेवायला, धर्मप्रांत झाल्यापासून चारशे चव्वेचाळीस वर्षं लागली होती.